वरच्या फळीवरच्या बाटल्या

९ फेब्रुवारी

चि. पोरीस अनेक आशीर्वाद.

नेहमी 'चि. सौ.' असं लिहायचो. आता ते 'सौ.' ठेवावं की गाळावं, यावर माझा बराच वेळ गेला. शेवटी गाळलं. चुकलं असेल तर रागावू नकोस. ऑफिसच्या पत्त्यावर लिहितोय, कारण तुझ्या नव्या घराचा पत्ता माझ्याकडे नाही आणि तो कोणाकडे मागायचा हाही प्रश्नच होता. फोन करणार होतो. पण फोनवर समोरचं माणूस 'काय म्हणताय?' असं विचारतं आणि मग काहीतरी म्हणावं लागतं.

काम किरकोळ आहे. स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर तुझ्या बाटल्या तशाच राहिल्यात. तपकिरी पाण्याने भरलेली एक उंच बाटली, तिच्यावर माशाचं चित्र आहे. तिळाचं तेल. तांबड्या झाकणाचा डबा, त्यात लाल मिरचीचा घट्ट लगदा, तो बहुतेक तुझ्या हॉस्टेलातल्या कोरियन मैत्रिणीकडून आलेला. चक्रफुलांची बरणी. आणि तांदळाच्या पातळ, गोल, पांढरट चकत्यांचं एक पाकीट. तुझी दुसरी मैत्रीण, ती व्हिएतनामी, याच चकत्यांत पाला भरून गुंडाळी करायची असं तू सांगायचीस. तूही रविवारी करायचीस. मी आयतं खायचो, म्हणून कधी नीट पाहिलं नाही.

हे सगळं टाकायचं, की पाठवायचं? चिरंजीव म्हणतात, टाकून द्या. पण टाकायच्या आधी मालकाला विचारावं असं मला वाटलं. माशाची बाटली उघडून पाहिली. दहा मिनिटांत खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई वर आल्या.

"काही मेलंय का वर?"

"नाही हो, माशाचा सॉस आहे."

"म्हणजे मेलंयच," म्हणाल्या आणि खिडक्या उघडून गेल्या.

मी मजेत आहे. कळव, म्हणजे फळी मोकळी करतो.

बाबा


३ मार्च

चि. पोरीस आशीर्वाद.

तुझं उत्तर आलं नाही. टपालाचा काही भरवसा नसतो, म्हणून पुन्हा लिहितोय.

बाटल्या अजून टाकलेल्या नाहीत. उलट रविवारी त्या चकत्या वापरून पाहिल्या. पाकिटावरचं अक्षर मला वाचता येत नाही, पण हातात घेतल्याबरोबर वाटलं, अरे, हा तर कागद आहे. माझ्या घरातला माणूस. आयुष्यभर पुस्तकं बांधली, तेव्हा एका कागदाशी कसं वागायचं हे मला कोणी शिकवायला नको, अशा तोऱ्यात मी कामाला लागलो. बाइंडिंगमध्ये चुरगळलेला जुना कागद सरळ करायचा तर तो ओला करतात, पुरता मऊ होऊ देतात, दोन टीपकागदांमध्ये ठेवतात आणि वर वजन देतात. मी तसंच केलं. सहा चकत्या भिजवल्या, लोळागोळा होईपर्यंत वाट पाहिली, टीपकागदांत घातल्या, वर पोळपाट आणि त्यावर शब्दकोशाचे दोन्ही खंड.

तासाभराने पाहतो तर सहा चकत्या आणि सात टीपकागद यांचा एकच पुठ्ठा झालेला. इतका चिवट की आमच्या वाचनालयाला मुखपृष्ठासाठी चालला असता. कोपरा मोडून चाखला. तांदूळ आणि शाई.

दुकानातून दुसरं पाकीट आणायला हरकत नाही, मला मोठ्या बाजारात एक दुकान सापडलंय. पण कृती माहीत नसताना आणून काय करू? तर प्रश्न एवढाच: भिजवायचं किती वेळ?

बाबा


२४ मार्च

चि. पोरी,

तुझं कार्ड मिळालं. दोनच वाक्यं होती, पण अक्षर तुझं होतं. 'बुडवून लगेच बाहेर काढा, कडक असतानाच. ताटात ठेवल्यावर तो आपोआप मऊ होतो.'

मायना नव्हता, खाली नावही नव्हतं. चालेल. मी काही तक्रार करत नाही.

लगेच करून पाहिलं. कडक असतानाच काढायचा म्हणजे माझ्या हाताला पटेना, धंद्याच्या विरुद्ध आहे ते. तरी काढला. पाला मांडेपर्यंत तो खरंच मऊ पडला, आणि पहिली गुंडाळी फाटली तरी दुसरी झाली. आत गाजराच्या काड्या, काकडी, पुदिना, बारीक शेवया आणि उकडलेलं अंडं घातलं, कोळंबी नव्हती. खाताना सगळं कुरकुरत होतं. एकटा माणूस जेवताना घरात जो आवाज नसतो, तो या गुंडाळ्यांमुळे होतो, हे माझ्या लक्षात आलं.

तू कशी आहेस? नवं घर कसं आहे? उजेड येतो का? जेवतेस कुठे, घरी की बाहेर? चिरंजीवांना मी काही विचारत नाही आणि ते सांगत नाहीत. 'जमलं नाही' एवढंच म्हणाले होते. तुलाही विचारणार नाही.

खरं सांगू का? कोर्टाचा कागद आला त्या दिवशी तुम्हा दोघांचं काय ते संपलं, पण माझं तुझ्याशी काय उरलं हे त्या कागदात कुठेच लिहिलेलं नव्हतं. मला वाटतं, तू एखाद्या रविवारी इथे जेवायला यावंस. चिरंजीव दुसऱ्या गावी असतात, त्यांची गाठ पडायची नाही. मी करीन. त्या गुंडाळ्या बुडवायच्या आंबटगोड पाण्याची कृती तेवढी हवी आहे.

बाबा


१७ एप्रिल

चि. पोरी,

दुसरं कार्ड मिळालं. 'आधी साखर कोमट पाण्यात विरघळवा. मग लिंबू. मग सॉस. चाखून पाहा, आंबट, गोड, खारट यांतलं एकही पुढे यायला नको. लसूण आणि मिरची शेवटी, म्हणजे वर तरंगतात.'

घराबद्दल, उजेडाबद्दल, रविवारबद्दल काही नाही. मी कार्ड उलटसुलट करून पाहिलं.

मग माझ्या लक्षात आलं. तू फक्त स्वयंपाकाच्या प्रश्नाला उत्तर देतेस. ठीक आहे, आम्ही तेवढंच विचारू. अरुंद दार असलं तरी दारच आहे.

लसूण वर तरंगली. मी चमच्याने खाली ढकलली, पुन्हा वर आली. आंबट, गोड, खारट यांतलं एकही पुढे येऊ द्यायचं नाही हे मात्र तीन वेळा फसलं. पहिल्यांदा सॉस पुढे, दुसऱ्यांदा साखर पुढे, तिसऱ्यांदा सगळेच मागे. चौथ्यांदा जमलं तेव्हा नर्सबाईंना वर बोलावलं. त्या नाक धरून आल्या आणि चार गुंडाळ्या खाऊन गेल्या. जाताना म्हणाल्या, "वास सोडला तर बरं आहे की." मग जिन्यात थांबून म्हणाल्या, "आणि तुम्ही दोन ताटं का मांडलीत? मला तर आत्ता बोलावलंत." मी म्हटलं, सवय.

हल्ली दुपारी वेळ असतो. वाचनालयात पुस्तकं बांधायला कमी येतात. जुनं पुस्तक फाटलं की नवी प्रत मागवतात, ते सोपं पडतं. माझी खोली तळघरात आहे ते तुला माहीतच आहे. दाबाचं यंत्र, खळीचं भांडं, शिवणीची चौकट, सगळं जागच्या जागी आहे. बाकी ठीक.

प्रश्न: गवती चहाची पात बारीक चिरली तरी दाताखाली येते. काय करावं?

बाबा


८ जून

चि. पोरी,

गवती चहाचं समजलं. वरची पात चहाला, आणि खालचा पांढरा दांडाच तेवढा ठेचून घ्यायचा. आता बरोबर झालं. गॅलरीत डब्यात लावला आहे. शेजारी पुदिना आहे, तो सगळीकडे पसरतो आणि कोणाचं ऐकत नाही.

तांबड्या डब्यातला मिरचीचा लगदाही वापरला. तुझं कार्ड म्हणालं तसं, लगदा, तिळाचं तेल, थोडी साखर, आणि त्यात काकडीच्या चकत्या. कार्डावर खाली वेगळ्या शाईने लिहिलं होतंस, 'पोटाला जपा.' ते मी दोनदा वाचलं. त्यात स्वयंपाक नव्हता.

तळघरातली माझी खोली आता खुर्च्या ठेवायला घेतली आहे. तात्पुरती, म्हणतात. सभागृहाला रंग द्यायचाय. मी रोज जातो, खुर्च्यांमधून वाट काढून टेबलाशी बसतो. शिवायला दिलेलं शेवटचं पुस्तक मी हळू शिवतोय. ते झालं की काय, असं कोणी विचारलेलं नाही, म्हणून मीही विचारत नाही.

एक बातमी आहे आणि ती तुला दुसरीकडून कळण्यापेक्षा मी सांगितलेली बरी. चिरंजीव पुन्हा लग्न करत आहेत. मुलगी फिजिओथेरपिस्ट आहे, लोकांचे खांदे आणि गुडघे चालते करते. पुढच्या रविवारी दोघं इथे जेवायला येणार आहेत, मला तिची ओळख करून द्यायला. मी म्हटलं, या. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मला आता एकाच तऱ्हेचा स्वयंपाक बरा येतो.

तेव्हा प्रश्न: तो रस्सा, हाडांचा, ज्यात चक्रफूल घालून तू दिवसभर मंद आचेवर ठेवायचीस, वरून शेवया आणि पाला, तो मला जमेल का? नाही जमणार असं वाटत असेल तर स्पष्ट लिही.

बाबा


२६ जून

चि. पोरी,

तुझं कार्ड वेळेत आलं आणि या वेळी त्यावर सुरुवातीला 'बाबा' असं होतं. ते वाचून मी खाटकाकडे गेलो.

तू लिहिलंस तसं सगळं केलं. हाडं आधी एकदा उकळून ते पाणी फेकून दिलं. मग स्वच्छ पाण्यात, विस्तवावर भाजलेला कांदा आणि आलं घालून, झाकण अर्धं उघडं, उकळी फुटू न देता. वर येणारा फेस काढत राहिलो. आपण एखाद्याजवळ नुसतं बसून राहावं तसं ते काम आहे. संध्याकाळी रस्सा इतका नितळ झाला की पातेल्याच्या तळाला पडलेली चक्रफुलं मोजता आली असती.

ते दोघं आले. मी वाडग्यांत शेवया, वर पातळ कापलेलं मांस, वर कढत रस्सा, शेजारी पाला आणि लिंबू, असं मांडलं. तू मांडायचीस तसंच मांडलं गेलं. मुद्दाम नाही, मला दुसरी मांडणी माहीतच नाही.

चिरंजीवांनी वाडगा पाहिला.

"हे काय आहे?"

"जेवण," मी म्हटलं.

"ते दिसतंय. कुठून मागवलंत?"

"मागवलं नाही. केलं."

"तुम्ही? तुम्हाला चहा धड येत नाही."

"चहा अजूनही येत नाही."

ती हसली. मग त्याने एक चमचा घेतला. दुसरा घेतला नाही. चमचा खाली ठेवला आणि पाणी प्याला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. ती म्हणाली, "तिखट लागलं का त्यांना?" मी म्हटलं, असेल. पोरी, त्यात मिरची अजून पडायचीच होती.

तिने मात्र वाडगा संपवला. मग म्हणाली, "काका, हे मला शिकवाल?"

गॅलरीतून आवाज आला, "त्यांना नाही येत."

"हे समोर काय आहे मग?" ती म्हणाली. चांगली आहे मुलगी. चांगली नसती तर मला सोपं गेलं असतं.

मी तिला म्हटलं, "हे माझं नाही. ज्याचं आहे त्याला विचारून सांगतो." तिला कळलं की नाही, मला कळलं नाही. "विचारा," एवढंच म्हणाली आणि वाडगे गोळा करायला लागली.

मी गॅलरीत गेलो. चिरंजीव पुदिन्याची पानं खुडून खाली टाकत होते.

"बाबा, तुम्ही तिला पत्रं लिहिता?"

"स्वयंपाकाची."

"ती उत्तर देते?"

"स्वयंपाकाची."

"बंद करा हे. तिलाही त्रास, आम्हालाही."

"तुला त्रास काय? सही तुम्ही दोघांनी केलीत. माझी कोणी मागितली नव्हती."

"म्हणजे आता मी नवीन बायको आणायची आणि तुम्ही जुनी सून सांभाळायची?"

मी म्हटलं, "ती मला सांभाळतेय. कार्डावर."

त्याने खुडलेलं एक पान परत डब्यात ठेवलं. मग अगदी हळू म्हणाला, "चव तशीच झालीय." आणि आत गेला.

तर आता प्रश्न, आणि हा खरा आहे, आधीचे काही खरे होते काही नव्हते. तिला ही कृती देऊ का? तुझी आहे, तू नको म्हणालीस तर मी हाडं कुठे मिळतात हेही सांगणार नाही. आणि दुसरं, जे मार्चमध्ये विचारलं होतं तेच. एका रविवारी ये. रस्सा एका माणसापुरता होत नाही, तूच लिहिलं आहेस.

बाबा


१९ जुलै

चि. पोरी,

तुझं उत्तर नाही. शेवटचं पुस्तक शिवून झालं. त्याला पुठ्ठा चढवला, कण्याला कापडी पट्टी लावली, दाबात ठेवलं. काढून वर नेऊन दिलं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "अरे वा, हे अजून बांधतात?" मी म्हटलं, हो, आत्तापर्यंत बांधत होते.

आता सकाळी घरीच असतो. नर्सबाईंनी मला बाजारात सोबत न्यायला सुरुवात केली आहे, पिशव्या धरायला.

फिजिओथेरपिस्टने कृतीची आठवण करून दिली नाही. मीही विषय काढला नाही. विचारून सांगतो असं तिला म्हटलं होतं, ती मला वाट पाहू देतेय.

आज प्रश्न काही सुचत नाही. चक्रफूल संपत आलंय, नवं आणलं तर त्याला वास कमी आहे. हा प्रश्न होऊ शकेल का?

बाबा


११ ऑगस्ट

चि. पोरी,

या वेळी कार्ड नव्हतं, पाकीट होतं. दार लावून, चष्मा पुसून मग फोडलं. तुझं पत्र इथे उतरवून काढतो, म्हणजे मी नीट वाचलं आहे हे तुला कळेल.

'बाबा, त्यांना कृती द्या. माझी काही हरकत नाही, ती माझीही नव्हतीच, मैत्रिणीची होती. पण आता मला विचारू नका. तुमचं पत्र आलं की माझा आठवडा त्या स्वयंपाकघरात जातो. कुठली बरणी कुठे आहे ते दिसत राहतं. इकडच्या स्वयंपाकघरात मी अजून एक भांडंही नीट लावलेलं नाही. मला ते लावायचंय. रविवारी येणार नाही. तुमच्यावर राग नाही, म्हणूनच हे लिहायला इतके दिवस लागले.'

बरोबर आहे. तू 'विचारू नका' म्हणालीस, 'लिहू नका' म्हणाली नाहीस, अशी पळवाट मी काढणार नाही. हे पत्र पोचावं म्हणून लिहितोय. यात प्रश्न नाही, त्यामुळे उत्तर द्यायचं कारण नाही.

मला आधी वाईट वाटलं. लपवून काय करू. दोन दिवस मी शेजाऱ्यांच्या डब्यावर काढले. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि तुझी भांडी मला दिसली, खोक्यातून न काढलेली. मी कार्डं मोजत होतो, तेव्हा तू त्या खोक्यांशेजारी बसून मला उत्तरं लिहीत होतीस. कोणी कोणाला किती ठेवून घ्यायचं असतं, याचा अंदाज माझा चुकला.

फिजिओथेरपिस्टला फोन करून रश्शाची कृती सांगितली. तिने परवा केला. करता करता तिचा फोन आला, मागे पातेल्याचा आवाज येत होता.

"काका, हाडांचं पहिलं पाणी टाकून दिलं. फेस काढतेय. तुम्ही सांगितलंत तसं नितळ होतंय."

"मग झालं की."

"हे तुम्हाला शिकवलं कोणी? तुम्ही त्या दिवशी सांगितलं नाहीत."

तिच्या लग्नाला महिना राहिलाय. दुसरं काही सांगता आलं असतं, पुस्तकात वाचलं, टीव्हीवर पाहिलं. आयुष्यभर पुस्तकांत राहिलेल्या माणसावर लोकांचा विश्वास बसतो.

"माझ्या सुनेनं," मी म्हटलं.

पलीकडे पातेल्यावर झाकण ठेवल्याचा आवाज आला.

मग ती म्हणाली, "बरं. मग त्यांना एवढं विचारा, कांदा आणि आलं विस्तवावर भाजायचं ते सालीसकट की सोलून?"

तुझ्या कार्डावर ते नाही. मीही एकदा सोलून, एकदा न सोलता भाजलं होतं. तुला विचारलं असतं तर तू दोन ओळींत सांगितलं असतंस.

"त्यांना आता विचारायचं नाही," मी म्हटलं. "सालीसकट भाज. काळी पडली की साल सुटते, मग काढून टाक."

बाबा